हवामानातील बदल, राज्याचा पुढाकार आणि आपले गाव

(हिंगोली जिल्ह्यातील खरीपपूर्व शेतकरी मेळाव्यात केलेले भाषण)



खरीपपूर्व मेळाव्यात विद्यापीठाच्या माणसाने वाण, बीजप्रक्रिया, खते आणि कीडनियंत्रण यांवर बोलावे, अशी आपली अपेक्षा असते. त्याबद्दल मी शेवटी थोडक्यात सांगणार आहे. आज मात्र मुख्यतः वेगळ्या विषयावर बोलायचे आहे. पावसाचे मान बदलले, त्याला तोंड देण्याचे काम कोणाचे? केंद्राचे, राज्याचे, की आपले? आणि आपण मागणी करायची तर ती कोणत्या दारी करायची?

२०२३, २०२४ आणि २०२५ हे तीन खरीप आठवून पाहा. २०२३ चा ऑगस्ट हा १९०१ पासूनच्या नोंदींतील देशातील सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. सोयाबीन फुलोऱ्यात आणि शेंगा धरण्याच्या अवस्थेत असतानाच पावसाने दडी मारली. २०२४ साली सप्टेंबरच्या पहिल्या दोन दिवसांतच आपल्या जिल्ह्यात अतिवृष्टी झाली आणि नदीकाठची वावरे पाण्याखाली गेली. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये तर संपूर्ण मराठवाड्यात काढणीच्या तोंडावर पिके पाण्यात उभी होती. एका वर्षी फुलाला पाणी नाही आणि पुढची दोन वर्षे शेंगेला पाणी जास्त. ज्याची शेती दोन-तीन एकर, कोरडवाहू आणि सोयाबीनवर अवलंबून आहे, त्याच्या घरात पुढच्या पेऱ्याचे बियाणे उसने आणण्याची वेळ येते.

एक-दोन वर्षांच्या पावसावरून हवामान बदलले असा निष्कर्ष काढता येत नाही, हे खरे आहे. त्यासाठी अनेक वर्षांच्या नोंदी लागतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी १९५० ते २०१५ या काळातील नोंदी तपासल्या. मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या प्रदेशावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना या काळात सुमारे तिपटीने वाढल्या, असे त्यांनी २०१७ साली दाखवून दिले. याच काळात तेथील एकूण पावसात घटीकडे कल होता. म्हणजे पाऊस कमी दिवसांत आणि जास्त जोराने पडू लागला. आपला अनुभव आणि शास्त्रज्ञांचे आकडे येथे एकमेकांशी जुळतात.

काम कोणाचे?

आपल्या देशाची राज्यघटना कामांची वाटणी करते. सातव्या अनुसूचीत तीन याद्या आहेत. एक केंद्राची, दुसरी राज्याची आणि तिसरी दोघांची मिळून. शेती, शेतीचे शिक्षण व संशोधन, कीड-रोगांपासून संरक्षण हे विषय राज्याच्या यादीत आहेत. पाणी, पाटबंधारे, कालवे आणि जमीन हेही राज्याकडेच आहेत. हवामान खाते केंद्राचे. परदेशांशी करार करणे केंद्राचे. अनेक राज्यांतून वाहणाऱ्या नद्यांचे नियमन केंद्र करू शकते. वीज आणि जंगल हे विषय दोघांच्या यादीत आहेत. जंगल पूर्वी राज्याकडे होते, ते १९७६ च्या घटनादुरुस्तीने सामाईक यादीत गेले.

'हवामानातील बदल' असा विषय मात्र कोणत्याच यादीत नाही, कारण घटना लिहिली गेली तेव्हा हा प्रश्न कोणासमोर नव्हता. त्यामुळे होते असे की, जागतिक परिषदेत देशाच्या वतीने शब्द केंद्र सरकार देते. २०१५ साली पॅरिस येथे करार झाला. २०२१ साली ग्लासगो येथे भारताने २०७० पर्यंत निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणण्याचे जाहीर केले. परंतु प्रत्यक्ष बांध, विहीर, बियाणे, ठिबक संच आणि कृषिपंपाची वीज यांवर निर्णय घ्यायचे ते राज्याला. शब्द दिल्लीत दिला जातो, काम हिंगोलीत व्हायचे असते.

यात पैशाची गोष्टही आहे. मोठ्या करांचा मोठा वाटा केंद्राकडे जमा होतो आणि वित्त आयोगाच्या शिफारशीनुसार राज्यांना मिळतो. परदेशातून कर्ज घ्यायचे तर ते राज्याला परस्पर घेता येत नाही, केंद्रामार्फत घ्यावे लागते. म्हणून अधिकार राज्याकडे आणि तिजोरीची मोठी किल्ली केंद्राकडे, अशी आपली व्यवस्था आहे. या व्यवस्थेत एखादे राज्य पुढे होऊन काम करू शकते का? करू शकते. याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्याच महाराष्ट्राचे आहे आणि ते दुष्काळातून निघाले आहे.

दुष्काळातून निघालेला कायदा

१९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला ते आज सत्तरीच्या घरात आहेत. त्यांना खडी फोडण्याची कामे आणि सुकडीचे वाटप आठवत असेल. आपले कृषी विद्यापीठ परभणीला स्थापन झाले ते त्याच वर्षी, १८ मे १९७२ रोजी. आपला हिंगोली जिल्हा तेव्हा परभणी जिल्ह्याचाच भाग होता, तो १ मे १९९९ रोजी वेगळा झाला.

दुष्काळी कामे पूर्वीही निघत. परंतु ती सरकारच्या मर्जीवर असत. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी असा विचार मांडला की, जो अंगमेहनत करायला तयार आहे त्याला काम मिळणे हा त्याचा हक्क असला पाहिजे. त्यातून रोजगार हमी योजना आकाराला आली. यासाठी पैसा कोठून आणायचा, याचे उत्तरही राज्याने स्वतः शोधले. शहरातील नोकरदार आणि व्यावसायिक यांच्यावर व्यवसाय कर बसवला आणि जितका कर जमेल तितकीच भर राज्याने आपल्या तिजोरीतून घातली. १९७७ साली विधिमंडळाने कायदा केला आणि तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला.

या कायद्याखाली पाझर तलाव, नालाबांध, बांधबंदिस्ती, विहिरी आणि रस्ते झाले. १९९० पासून फळबाग लागवड या योजनेला जोडली गेली आणि कोरडवाहू जमिनीवर आंबा, बोर, सीताफळ, डाळिंब उभे राहिले. 'हवामान बदलाशी जुळवून घेणे' हे शब्द तेव्हा कोणी वापरत नव्हते, पण काम नेमके तेच होते.

पुढे काय झाले ते लक्षात घ्या. २००५ साली संसदेने संपूर्ण देशासाठी ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला. त्यामागे महाराष्ट्राचा पाव शतकाहून अधिक काळाचा अनुभव होता. फेब्रुवारी २००६ मध्ये पहिल्या टप्प्यात देशातील २०० जिल्हे घेतले गेले, त्यांत आपला हिंगोली जिल्हा होता. म्हणजे राज्याने सुरू केलेले काम देशाने उचलले आणि केंद्राचा पैसा घेऊन तेच काम आपल्या गावात परत आले. संघराज्याचा हाच मोठा उपयोग आहे. एक राज्य प्रयोग करते. तो साधला तर सर्वांना मिळतो, आणि फसला तर नुकसान एका राज्यापुरते राहते.

कृषी संजीवनी : कर्ज दिल्लीमार्गे, आराखडा गावाचा

केंद्र सरकारने जून २००८ मध्ये हवामान बदलाचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. त्यात आठ अभियाने होती. त्यानंतर राज्यांना आपापले आराखडे करण्यास सांगण्यात आले. महाराष्ट्राने हे काम 'टेरी' या संस्थेकडे सोपवले आणि त्याचा अहवाल २०१४ साली आला. बदलत्या हवामानाशी जुळवून कसे घ्यायचे यावर त्याचा भर होता.

अहवाल कपाटात राहिला असता तर आज त्याची आठवण काढण्याचे कारण नव्हते. त्यानंतर महाराष्ट्राने एक मोठा प्रकल्प हाती घेतला, तो म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प. आपण त्याला 'पोकरा' म्हणतो. २०१८ साली केंद्र सरकार, राज्य सरकार आणि जागतिक बँक यांच्यात करार झाला. बँकेचे कर्ज ४२ कोटी डॉलर. एकूण प्रकल्प सुमारे ४ हजार कोटी रुपयांचा, त्यात सुमारे ७० टक्के वाटा कर्जाचा आणि ३० टक्के राज्याचा. मराठवाड्यातील सर्व आठ जिल्हे, विदर्भातील सहा आणि जळगाव अशा पंधरा जिल्ह्यांतील ५,१४२ गावे त्यात घेतली गेली. हिंगोली जिल्हा त्यात होता. आता दुसऱ्या टप्प्यासाठी २१ जिल्ह्यांतील सात हजारांहून अधिक गावे निवडली आहेत आणि त्यातही आपला जिल्हा आहे.

शेततळे, ठिबक, तुषार, फळबाग, शेडनेट यांना अनुदान मिळते, एवढेच आपल्यापैकी अनेकांना या प्रकल्पाबद्दल माहीत असते. पण त्याचा गाभा वेगळा आहे. गावात सरपंचांच्या अध्यक्षतेखाली ग्राम कृषी संजीवनी समिती असते. ती गावाचा आराखडा करते. त्यासाठी आधी पाण्याचा ताळेबंद मांडायचा असतो. मुंबईच्या आयआयटीने त्याची पद्धत बसवून दिली आहे.

ताळेबंद म्हणजे काय? हेक्टरभर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला की दहा हजार लिटर पाणी पडते. समजा, एखाद्या गावाचे शिवार ८०० हेक्टर आहे. तेथे १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर शिवारात ८० कोटी लिटर पाणी आले. यातील किती वाहून गेले, किती जमिनीत ओलावा म्हणून राहिले, किती विहिरींना मिळाले आणि आपण लावलेल्या पिकांना किती लागणार, याचा हिशेब मांडला की रब्बीत हरभरा किती एकर आणि गहू किती एकर घ्यायचा, हे गावाला ठरवता येते. घरचा जमाखर्च जसा आपण दिवाळीपूर्वी पाहतो, तसाच पाण्याचा जमाखर्च दिवाळीपूर्वी पाहायचा आहे.

प्रकल्पाचा पैसा एक दिवस संपेल. परंतु ज्या गावाने हा ताळेबंद मांडायला शिकून घेतले, त्याचे शहाणपण संपणार नाही.

पर्जन्यमापक, पीक पाहणी आणि वीज

राज्याच्या पुढाकाराची आणखी तीन उदाहरणे सांगतो, कारण तिन्हींचा आपल्या रोजच्या व्यवहाराशी संबंध आहे.

पहिले, महावेध. हवामान खाते केंद्राचे आहे, हे मी सांगितले. पण तालुक्याला एक पर्जन्यमापक असेल तर शेजारच्या मंडळात ढगफुटी झाली तरी कागदावर ती दिसत नाही. म्हणून महाराष्ट्राने २०१७ साली महसूल मंडळनिहाय स्वयंचलित हवामान केंद्रे उभारण्यास सुरुवात केली. अशी दोन हजारांहून अधिक केंद्रे राज्यात झाली. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस म्हणजे अतिवृष्टी, हा निकष आपण ऐकतो. ती अतिवृष्टी झाली की नाही, हे मंडळाच्या केंद्रावरील आकड्यावरून ठरते. पुढे केंद्र सरकारनेही देशभर स्थानिक हवामान केंद्रांचे जाळे विणण्याचा कार्यक्रम हाती घेतला.

दुसरे, ई-पीक पाहणी. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर शेतकरी स्वतःच्या मोबाइलवरून सातबाऱ्यावर पिकाची नोंद करू लागला. त्यानंतर केंद्राने देशभर पिकांची डिजिटल पाहणी सुरू केली.

तिसरे, दिवसाची वीज. रात्री-बेरात्री पंप सुरू करायला जाणे म्हणजे साप, विंचू आणि विजेचा धक्का यांच्याशी गाठ, हे मी आपल्याला सांगायला नको. राज्याने २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना काढली. एकेका पंपाला सौर पट्ट्या बसवण्याऐवजी गावाजवळच्या उपकेंद्राशी सौर प्रकल्प जोडून संपूर्ण शेती वाहिनीला दिवसा वीज द्यायची, ही तिची कल्पना. २०१९ साली केंद्राची कुसुम योजना आली आणि डिसेंबर २०२० मध्ये त्या योजनेतही शेती वाहिनीच सौर करण्याची तरतूद झाली. २०२३ साली राज्याने या योजनेचा दुसरा टप्पा सुरू केला. त्यात खाजगी जमीन भाड्याने घेताना हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये आणि दरवर्षी तीन टक्के वाढ, असा दर ठेवला. हलकी, मुरमाड जमीन असेल तर विचार करण्यासारखा हा मार्ग आहे. चांगली काळी जमीन मात्र दीर्घ मुदतीसाठी अडकवण्यापूर्वी घरात सर्वांनी बसून विचार करावा.

शासन निर्णय आणि कायदा यांतील फरक

बंधूंनो, आता नाण्याची दुसरी बाजू. राज्याने पुढाकार घेतला म्हणजे तो टिकतोच असे नाही. दोन उदाहरणे पाहू.

पीकविमा योजना केंद्राची आहे. २०१६ च्या खरिपापासून ती सध्याच्या नावाने सुरू झाली. खरिपाच्या अन्नधान्य आणि गळीत पिकांना शेतकऱ्याचा हिस्सा विमा रकमेच्या दोन टक्के आणि नगदी पिकांना पाच टक्के. उरलेला हप्ता केंद्र आणि राज्य मिळून भरतात. २०२० साली बीड जिल्ह्यात विमा उतरवण्यास कंपन्या पुढे येईनात. तेव्हा राज्याने वेगळी रीत काढली. नुकसानभरपाई हप्त्याच्या ११० टक्क्यांपेक्षा जास्त झाली तर वरचा भार राज्याने सोसायचा, आणि भरपाई अगदी कमी झाली तर कंपनीने हप्त्याच्या २० टक्के रक्कम ठेवून बाकीची राज्याला परत करायची. यालाच बीड पॅटर्न म्हणतात. पुढे हीच रीत राज्यभर लागू केली गेली.

२०२३ च्या खरिपापासून राज्याने एक रुपयात विमा दिला. शेतकऱ्याच्या हिश्श्याचा भार राज्याने उचलला. अर्जांची संख्या प्रचंड वाढली, बोगस अर्जांच्या तक्रारीही झाल्या. २०२५ च्या खरिपापासून राज्याने ही सवलत बंद केली, शेतकऱ्याचा हिस्सा पुन्हा सुरू झाला आणि भरपाई पीक कापणी प्रयोगावर आधारित ठेवण्यात आली. सवलत द्यावी की नाही, यावर दोन मते असू शकतात. मला दाखवायचे आहे ते एवढेच की, शासन निर्णयाने मिळालेली गोष्ट दुसऱ्या शासन निर्णयाने जाऊ शकते.

आपत्तीच्या मदतीचेही तसेच. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीत महाराष्ट्रासारख्या राज्यात ७५ टक्के वाटा केंद्राचा आणि २५ टक्के राज्याचा असतो. २०२२ ते २०२६ या काळासाठी केंद्राने ठरवलेले दर हेक्टरी जिरायतीला ८,५०० रुपये, बागायतीला १७,००० रुपये आणि बहुवार्षिक पिकांना २२,५०० रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत. राज्याने जानेवारी २०२४ मध्ये आपल्या तिजोरीतून भर घालून हे दर अनुक्रमे १३,६००, २७,००० आणि ३६,००० रुपये केले आणि मर्यादा तीन हेक्टर केली. मे २०२५ मध्ये पुन्हा केंद्राचेच दर आणि दोन हेक्टरची मर्यादा आली. सप्टेंबरच्या पुरानंतर मर्यादा परत तीन हेक्टर झाली आणि रब्बीच्या तयारीसाठी हेक्टरी १० हजार रुपयांची जोड जाहीर झाली. दोन वर्षांत तीन वेळा बदल. शेतकऱ्याने कशाच्या भरवशावर पेरणी करायची?

याउलट रोजगार हमीचा कायदा पाहा. १९७९ नंतर राज्यात किती सरकारे आली आणि गेली, पण कायद्यात लिहिलेला हक्क कोणाला सहज काढून घेता आला नाही. म्हणून राज्याकडे मागणी करताना एका हंगामाची सवलत मागण्यापेक्षा कायद्याने बांधलेली, निधीची सोय ठरवून दिलेली व्यवस्था मागणे अधिक हिताचे आहे.

पण नुसता कायदाही पुरत नाही. महाराष्ट्राचा भूजल कायदा २००९ चा, तो २०१४ साली अमलात आला. पाणलोटाच्या पातळीवर भूजलाचे नियोजन करण्याची तरतूद त्यात आहे. तरीही किती खोल बोअर घ्यावे यावर गावोगाव चढाओढ चालूच आहे. शेजाऱ्याने चारशे फूट घेतले म्हणून आपण पाचशे फूट घ्यायचे, आणि दोघांच्याही विहिरी उन्हाळ्यात कोरड्या. कायदा झाला, पण गावाने तो आपला मानला नाही, तर असे होते.

इतर राज्ये आणि परदेश

आपल्यासारखीच इतर राज्येही पुढे आली आहेत. गुजरातने २००९ साली हवामान बदलासाठी स्वतंत्र विभाग काढला. ओडिशाने २०१७ साली आदिवासी भागात नाचणीसारख्या भरडधान्यांचे अभियान सुरू केले. पावसाचा ताण सोसणारे पीक पुन्हा ताटात आणि बाजारात आणायचे, असा त्याचा हेतू होता. महाराष्ट्राने आपल्या पर्यावरण विभागाच्या नावात वातावरणीय बदल हे शब्द घातले आणि २ ऑक्टोबर २०२० पासून 'माझी वसुंधरा' अभियानात गावांची व शहरांची स्पर्धा सुरू केली.

अमेरिकेतही संघराज्य आहे. तेथील कॅलिफोर्निया राज्याने २००६ साली कायदा केला की, २०२० पर्यंत राज्यातील हरितगृह वायूंचे उत्सर्जन १९९० च्या पातळीवर आणायचे. ते उद्दिष्ट त्यांनी २०१६ मध्येच, म्हणजे चार वर्षे आधी गाठले. २०१७ साली त्यांच्या केंद्र सरकारने पॅरिस करारातून बाहेर पडण्याचे जाहीर केले, तेव्हा कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टन या राज्यांनी एकत्र येऊन आपले काम चालू ठेवण्याचे ठरवले. केंद्राची दिशा बदलली तरी राज्याचे काम थांबले नाही, कारण ते त्यांच्या स्वतःच्या कायद्यात लिहिलेले होते. आपल्याकडचा आणि त्यांच्याकडचा पैशाचा व्यवहार वेगळा आहे, पण ही गोष्ट आपल्यालाही लागू पडते.

आपण काय करावे?

आता कोणत्या दारी काय मागायचे, ते सांगतो.

१. ग्रामपंचायतीच्या दारी : ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद वाचून दाखवण्याची मागणी करावी. गाव पोकरात असो वा नसो, तो करता येतो. गावाच्या विकास आराखड्यात नाला खोलीकरण, जुन्या पाझर तलावांची दुरुस्ती आणि शिवारातील पाणी निचऱ्याचे चर यांची नोंद करून घ्यावी. आराखड्यात नसलेल्या कामाला कोणत्याच योजनेतून पैसा मिळत नाही.

२. तलाठी, कृषी सहायक आणि तालुका कृषी अधिकारी यांच्या दारी : ई-पीक पाहणीची नोंद मुदतीत करावी. नोंद नसेल तर विमा, मदत आणि हमीभावाने विक्री या तिन्ही ठिकाणी अडचण येते. पीक कापणी प्रयोग कोणत्या गटात आणि कोणत्या दिवशी होणार, हे विचारून घ्यावे आणि गावातील चार माणसांनी तेथे हजर राहावे. भरपाई आता त्याच वजनावर ठरते.

३. जिल्हाधिकारी आणि राज्याच्या दारी : आपल्या मंडळातील हवामान केंद्र बंद असेल, झाडाखाली वा भिंतीलगत असेल, तर लेखी तक्रार करावी. गावात एक साधा पर्जन्यमापक लावून रोज सकाळी साडेआठ वाजता शाळेतील मुलांकडून नोंद ठेवावी. ती नोंद सरकारी निकषाला चालणार नाही, पण तक्रारीला आधार देईल. आमदारांकडे मागणी करताना कायद्याची आणि कायम निधीची करावी.

४. केंद्राच्या दारी : आपत्तीच्या मदतीचे दर, पीकविम्याचे निकष, हवामानाचा अंदाज आणि आयात-निर्यातीचे धोरण हे खासदारांचे विषय आहेत. आमदारांकडे ते मांडून वेळ घालवू नये.

५. स्वतःच्या वावरात : येथे कोणाची परवानगी लागत नाही. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल झाल्याशिवाय सोयाबीनची पेरणी करू नये. घरच्या बियाण्याची उगवणक्षमता तपासावी, ती किमान ७० टक्के असावी. पेरणी रुंद वरंबा सरी पद्धतीने करावी. ताणाच्या काळात वरंब्यात ओल टिकते आणि अतिवृष्टीत सरीतून पाणी निघून जाते. २०२३ सारखे वर्ष आले काय किंवा २०२५ सारखे आले काय, दोन्ही वेळा ही पद्धत उपयोगी पडते. निव्वळ सोयाबीन न घेता सोयाबीन अधिक तूर असे चारास दोन ओळींचे आंतरपीक घ्यावे. तुरीसाठी बीडीएन-७११ हा लवकर येणारा वाण चांगला आहे. फुलोऱ्यात पावसाचा खंड पडल्यास पोटॅशियम नायट्रेट (१३:००:४५) १०० ग्रॅम प्रति १० लिटर पाण्यात मिसळून फवारणी करावी. वसमत आणि कळमनुरीकडील हळद उत्पादकांनी गादीवाफ्याच्या शेवटी निचऱ्याचे चर आतापासूनच काढून ठेवावेत, कारण पाणी साचले की कंदकूज आली म्हणून समजा.

शेतकरी बंधू-भगिनींनो, १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या माणसांची अडचण राज्याने ऐकली, तिचा कायदा केला आणि पुढे तो देशाने घेतला. आजच्या अडचणीचे स्वरूप वेगळे आहे. पाणी कधी नाही आणि कधी नको तेवढे आहे. त्यावर कोणता बंधारा, कोणता वाण आणि कोणता विमा चालतो, याचा सर्वांत चांगला अनुभव याच जिल्ह्यातील वावरांत जमा होत आहे. हा अनुभव नोंदींसह ग्रामसभेच्या ठरावात उतरला, तर तो मुंबईला पोहोचेल. तेथून दिल्लीला जायला वेळ लागेल, पण ती वाट आपल्या राज्याने एकदा पाडून ठेवली आहे.

पिकांविषयी काही शंका असल्यास कळमनुरी तालुक्यातील तोंडापूर येथील कृषी विज्ञान केंद्र किंवा विद्यापीठातील शास्त्रज्ञ यांच्याशी अवश्य संपर्क साधावा.